पळसाला दिलेलं आवतण

आक्का, तुमच्या तेराव्याला पहिलं पान मी झाडाला वाढलं. भावकी बघत राहिली, पुण्याहून आलेला तुमचा मुलगा बघत राहिला, गुरुजींच्या हातातली पळी तशीच थांबली. मी कुणाकडे पाहिलं नाही. अंगणातल्या पळसाच्या बुंध्याशी पत्रावळ मांडली, भात, वरण, भजी, बुंदी सगळं वाढलं, पानाभोवती पाणी फिरवलं आणि म्हटलं, "जेव बाबा. बोलावणारी गेली, पण बोलावणं खरं होतं." पत्रावळसुद्धा पळसाच्याच पानांची होती, हे नंतर माझ्या लक्षात आलं. त्याच्याच पानावर त्याला वाढलं म्हणून तुम्ही दोन दिवस तरी हसला असता.

आता पाहुणे गेले, मुलगा पुण्याला परतला, रंगपंचमीही होऊन गेली. तुम्हाला सांगायचं इतकं साठलंय की दुसऱ्या कुणाला सांगून भागत नाही. आमच्या ह्यांना सांगायला गेलं तर अर्ध्यावरच घोरायला लागतात.

जावाजावा म्हटलं की लोकांना भांडण आठवतं. आपणही त्यात काही कमी ठेवली नाही. धारूरच्या आपल्या घराला दोन दारं आणि मध्ये एकच अंगण, त्यामुळे भांडायला लांब जावं लागत नव्हतं. तुम्ही थोरल्या, मी धाकटी. तुम्ही मला 'विमल' म्हणायचात आणि मी तुम्हाला 'आक्का'. पीठ कुणी जास्त घेतलं इथपासून पाहुण्यांपुढे कोण कसं बोललं इथपर्यंत सगळ्यावर आपलं वाजलं, आणि संध्याकाळी एकाच परातीत भाकरीही थापल्या. पण सगळ्यात लांबलेला वाद या झाडाचा. तो संपायच्या आधी तुम्ही उठून गेलात, याचा मला राग आहे.

तुमच्या भाचीच्या लग्नाहून, नेकनूरकडच्या तुमच्या माहेराहून, तुम्ही परत आलात तो दिवस मला नीट आठवतो. तोंड उतरलेलं होतं. लग्नात मानपान चुकला असेल असं मला वाटलं. तुम्ही कमरेची पिशवी सोडली आणि चार चपट्या, वाळलेल्या शेंगा काढून माझ्या पुढ्यात ठेवल्या. पळसपापडी.

"विमल, ही पांढऱ्या पळसाची हाय," तुम्ही म्हणालात.

मला हसूच आलं. आपल्या गावाभोवती सगळा डोंगर पळसाचा. किल्ल्याच्या खाली पळस, घाटात पळस, फाल्गुनात नजर जाईल तिकडे केशरी. त्या गावात राहून बाईमाणूस माहेराहून पळसाचं बी घेऊन येतं! आमचे हे म्हणाले, "वहिनी, कुठंबी जा, पळसाला पानं तीनच." तुम्ही ह्यांच्याकडे असं बघितलं की ह्यांनी चहाचा कप उचलून बाहेरची वाट धरली.

मग तुम्ही सांगितलंत. माहेरच्या माळावर एक पांढऱ्या फुलाचा पळस होता. लहानपणी तुम्ही त्याच्याखाली खेळलात. पांढरा पळस म्हटलं की लोकांच्या अंगात येतं. मुळी दंडाला बांधली की कोर्टात निकाल बाजूनं लागतो, साल घरात ठेवली की बरकत येते, आणि खाली तर म्हणे धनच असतं. आधी सालीला लोक आले, मग मुळीला आले, मग कुणीतरी बुंध्याशी खड्डा खणला. त्या लग्नात तुम्ही पाहिलं तेव्हा झाड उघडं पडलं होतं, एकाच फांदीला जीव होता, आणि त्या फांदीला या शेंगा होत्या. "त्यानं कुणाचं काय बिघडवलं होतं गं?" असं म्हणालात आणि पदर तोंडाला लावलात. मी मग हसले नाही.

मृगात तुम्ही ते बी लावलंत. कुठे, तर बरोबर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, जिथे मी वाळवण घालते. वाद तिथूनच सुरू झाला. मी म्हटलं, कुरडयांना ऊन लागतं, सावली नाही. तुम्ही म्हणालात, "फाल्गुन-चैतात त्याच्या अंगावर पान तरी असतंय का? उगी बोलायचं म्हणून बोलू नको." तुमचं खरं होतं. वाळवणाच्या दिवसांत पळस उघडाबोडका असतो आणि ऊन खाली सरळ येतं. वैशाखाचा चटका बसायला लागला की तो पानं धरतो, तेव्हा आपली वाळवणं डब्यात गेलेली असतात. हे मी तुमच्यापुढे कधी कबूल केलं नाही, आज करते.

पहिली काही वर्षं त्या रोपानं आपली फजितीच केली. वीतभर वर यायचं आणि उन्हाळ्यात जळून जमिनीला लागायचं. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा वीतभर. मी म्हणायची, मेलं. तुम्ही म्हणायचात, खाली मुळी सोडतंय, वरचं त्याला काय करायचंय. टँकरच्या दिवसांत भांड्यांचं पाणी तुम्ही त्याला घालायचात आणि माझी जास्वंद तहानेनं मान टाकायची. शेवटी एका वर्षी त्यानं जे डोकं वर काढलं ते मागे वळून पाहिलं नाही. खोड वाकडं, फांद्या वाकड्या, पण जीव चिवट.

आणि मग तुम्हीच घोटाळा केलात. तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही हे साऱ्या धारूरला ठाऊक. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणीतरी आपल्या नव्या गुलाबाचं कौतुक करायला लागली. तुम्हाला ते सोसेना. "गुलाबाचं काय घेऊन बसली, आमच्या दारात पांढरा पळस हाय," असं बोलून गेलात. झाडाला अजून एक फूल आलं नव्हतं! कुठल्या रंगाचं येणार हे देवालाही माहीत नव्हतं. पण तिळगुळाबरोबर ती बातमी घरोघर गेली, आणि ज्या गोष्टीनं माहेरचं झाड मारलं ती आपल्या अंगणात चालत आली.

आधी एकटेदुकटे आले. कुणाला पान पाहिजे, कुणाला सालीचा तुकडा. तुम्ही सगळ्यांना चहा पाजून रिकाम्या हातानं पाठवलंत. मग तिकीटवाल्याची माणसं आली. त्या पुढाऱ्याचं नाव तुम्ही कधी घेतलं नाही, मीही घेत नाही. निवडणूक आली की त्याला तिकिटाची घाई सुटायची, म्हणून तो आपल्या घरात 'तिकीटवाला'. पांढऱ्या कपड्यातले दोघं जण, हातात सुपारी, अक्षता, नारळ. मी खिडकीत कुरडईचा चीक ढवळत होते, सगळं मला दिसत होतं.

"कावून आला रे?" तुम्ही विचारलंत.

"मावशी, सायबांनी पाठवलंय. उद्या रविपुष्य हाय. आज झाडाला आवतण द्यायचं, उद्या सकाळी मुळी घ्यायची. करंगळीएवढी. जास्त न्हाई."

औषधी मुळी काढायची तर आदल्या दिवशी झाडाला अक्षता वाहून रीतसर बोलावणं करायचं, हे आपल्याकडे सगळेच पाळतात. न बोलावता तोडलं तर मुळी लागू पडत नाही म्हणतात. तुम्ही ते ऐकून घेतलंत, पदर खोचलात आणि म्हणालात, "आवतण देता येणार न्हाई."

"का बरं?"

"त्याला आदीच आवतण हाय. माजं."

"तुमचं? कशाचं?"

"माज्या तेराव्याचं. मी त्याला जेवायला बोलावलंय, अक्षता वाहून. ते माज्या तेराव्याला जेवंल, मंग मोकळं. तवर दुसऱ्याचं आवतण ते घेत न्हाई. एका पंगतीला बसलेला माणूस दुसऱ्या पंगतीला उठून जातो का?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. त्यातला धाकटा मोठ्या अदबीनं म्हणाला, "मंग मावशी, तेरावं कवा हाय म्हणावं सायबाला?"

थोरल्यानं त्याच्या पाठीत असा धपका घातला की सुपारी अंगणात गडगडत गेली. मी चिकाच्या पातेल्यावर तोंड दाबून हसत होते. ते गेल्यावर तुम्ही खरंच हळदकुंकू आणि मूठभर तांदूळ आणलेत, झाडावर वाहिलेत आणि त्याला म्हणालात, "खोटं नको पडाया. ये बाबा माज्या तेराव्याला." माझं हसू तिथेच थांबलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की तुम्ही झाडाला स्वतःच्या मरणाच्या आडोशाला ठेवलंय.

पुढे तो गमतीचाच विषय झाला. तिकीटवाला वर्षातून दोनदा तुमच्या तब्येतीची चौकशी करायला माणूस पाठवायचा. कधी मोसंबी, कधी डाळिंबं. तुम्ही म्हणायचात, "त्याला माजी न्हाई, माज्या तेराव्याची काळजी लागली हाय." डाळिंबं मात्र आपण दोघींनी सोलून खाल्ली.

तुम्हाला हे जमत होतं, आक्का. माझं तोंड घरात चालतं, बाहेर चालत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून तुमच्या जिभेच्या आडोशाला मी संसार केला. माझी आई सिरसाळ्याला अंथरुणाला खिळली तेव्हा ज्वारीची काढणी चालू होती आणि सासरे मला पाठवायला तयार नव्हते. मी भिंतीला टेकून रडत उभी होते. तुम्ही हातातला विळा खाली ठेवलात आणि सासऱ्यांना म्हणालात, "ती जाणार. तिच्या वाटचं रान मी काढते. ज्वारी थांबंल, आई थांबणार न्हाई." मी गेले, आईला माझ्या हातानं पाणी पाजता आलं. त्याबद्दल मी तुम्हाला एकदाही नीट काही बोलले नाही. आपल्यात तसं बोलायची पद्धत नव्हती, आणि बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, बरी नाटकं करते.

म्हणूनच माघात अंबाजोगाईच्या दवाखान्यात तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "विमल, मुळी कुणाला देऊ नको, झाड तुज्यावर हाय," तेव्हा मी विषय टाळला. मी म्हटलं, "आधी तुम्ही बऱ्या व्हा." सगळे आजारी माणसाला म्हणतात तसं. हो म्हणाले नाही. हो म्हणायला माझ्यात धमक नव्हती. तुम्ही गेलात की आवतण संपणार, झाड मोकळं होणार, आणि अंगणात ती पांढऱ्या कपड्यातली माणसं येणार. तेव्हा पदर खोचून उभं कोण राहणार? मी? मला तर दूधवाल्याला दूध पातळ आहे म्हणून सांगायचं तरी ह्यांना पुढे करावं लागतं.

तुम्ही गेलात. तिकीटवाला स्वतः मातीला आला, हात जोडले, आणि जाताना झाडाकडे मान वर करून बघितलं. ते मी पाहिलं. त्या तेरा दिवसांत मी रडले नाही. लोकांना वाटलं, धाकटीचं काळीज दगडाचं. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. पळसाची पानं सगळी गळून गेली होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या फांद्यांच्या टोकांना गाठी धरल्या होत्या.

कळ्या, आक्का. तुम्ही जिची दहा-बारा वर्षं वाट पाहिलीत ती कळी तुमच्या दहाव्याला दिसायला लागली.

पांढऱ्याची कळी फिकट असते आणि केशऱ्याची काळी मखमली, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. रोज सकाळी मी अंगण झाडायच्या निमित्तानं मान वर करून उभी राहायची. एकदा काळी वाटायची, एकदा उन्हात हिरवट वाटायची. तुमचा हट्ट खरा व्हावा असं मनाच्या एका कोपऱ्यात होतंच. तुम्ही गेल्यावर तरी तुमचं खरं व्हावं. पण खरं सांगते, बाकी सगळं मन एकच म्हणत होतं: देवा, केशरी येऊ दे.

तेराव्याला पान वाढलं ते मी तुमचा शब्द म्हणून वाढलं. आणि त्याच पानानं आवतण फिटत होतं.

आणि मग एका सकाळी धुण्याच्या दगडावरच्या फांदीला पहिलं फूल उमललं. केशरी! डोंगरावरच्या सगळ्या पळसांसारखं, जराही वेगळं नाही असं, साधं, भडक केशरी. मी त्या दगडावर बसले आणि हसायला लागले. हे दात घासत बाहेर आले. "काय झालं गं?" "केशरी आलं!" "मंग त्यात हसायला काय झालं?" त्यांना काय सांगू? माझ्या छातीवरून जातं उतरल्यासारखं झालं होतं. दुपारपर्यंत सारी गल्ली बोलावून दाखवलं. लोक पेढे वाटतात तशी मी ती बातमी वाटली.

तिकीटवाल्याची माणसं आलीच. तेच दोघं, थोरल्याचे केस आता पिकलेत. मान वर करून बराच वेळ बघत राहिले.

"हे तर साधंच हाय की," थोरला म्हणाला.

"साधंच हाय," मी म्हणाले.

"मंग मावशीनं इतकी वर्सं आमाला..."

"त्यांना खरंच तसं वाटत होतं. तुमाला फसवलं न्हाई त्यांनी. च्या घेता का?"

त्यांनी चहा घेतला. जाताना सुपारी खिशातच ठेवली. मी परक्या पुरुषांशी इतकं बोलले हे मला रात्रभर खरं वाटेना. झाडानंच माझं काम केलं होतं, मला फक्त चहा करावा लागला.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाला असता. हार मानली नसतीच. "हुशार हाय ते. आईचं काय झालं ते बघून मुद्दाम केशरी आलंय," असं म्हणून वर माझ्याकडेच अशा नजरेनं बघितलं असतं की जणू मीच हरले. मी म्हणाले असते, आक्का, बी बापावर गेलं, संपला विषय. तुम्ही म्हणाला असता, पुढच्या वर्षी बघ. असं आपण आणखी दहा वर्षं ओढलं असतं. तुमच्याशिवाय एका बाजूनं वाद घालताना फार एकटं वाटतं.

रंगपंचमीच्या सकाळी शेजारची सत्यभामा टोपली घेऊन आली. "वयनी, खाली पडलेली फुलं नेऊ का?" मला वाटलं देवाला वाहायची असतील. ने म्हटलं. ती टोपली भरून घेऊन गेली, पुन्हा आली, पुन्हा भरून नेली. मी काही विचारलं नाही. घरात माणूस गेलेलं, पहिला शिमगा, आपल्याला कुठला रंग? मी भाकऱ्या करत बसले.

दुपारी गल्लीतल्या सगळ्या बायका दारात. पुढे सत्यभामा, तिच्या हातात कोमट पाण्याची घागर. मी उठायच्या आधीच ती म्हणाली, "दुखवटा काडायचा हाय, वयनी. डोळे मिटा." घरात कुणी गेलं की पहिल्या शिमग्याला भावकी, शेजारपाजार येऊन अंगावर रंग घालतात आणि तिथून पुढे त्या घराला सण मोकळे होतात. मी किती जणींवर तो रंग घातला असेल. माझ्यावर कुणी कधी घातला नव्हता. आईच्या वेळी मी सासरी होते, सासूबाईंच्या वेळी तो मान थोरली म्हणून तुमचा होता.

त्यांनी फुलं उकळून रंग काढला होता. आपल्या झाडाची फुलं. डोक्यावरून, मानेवरून, पाठीवरून तो कोमट रंग उतरला आणि मी अंगणाच्या मध्येच मोठ्यानं रडले. तेराव्याला आलं नाही ते सगळं रडू आलं. बायकांनी रडू दिलं, मग सत्यभामानं माझ्या पदरानं माझंच तोंड पुसलं, आणि आम्ही सगळ्या भिजलेल्या, पिवळ्याधमक, झाडाखाली चहा पीत बसलो. माझं मन हलकं झालं. तुम्ही गेलात हे त्या दिवशी मला सोसवायला लागलं.

तेव्हा तुमचा हट्ट बाजूला ठेवा आणि एक ऐका, आक्का. पांढऱ्या फुलातून रंग निघत नाही. ते आलं असतं तर लोकांनी मुळ्या नेल्या असत्या, आणि माझ्या अंगावर घालायला कुणाकडे थेंबभर रंग नसता. आपल्या इतक्या वर्षांच्या वादात एवढी एक गोष्ट तरी माझी खरी धरा.